करुण कादंबरी आणि पेटीचे सूर



ज्या बाईंच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी हयातीत व्यासपीठावर पाऊल ठेवण्याचे कटाक्षाने टाळले. ग्रंथालयाची खोली, खिडकीजवळचे टेबल, त्यावरची नोंदवही आणि भिंतीला लागून उभी असलेली कपाटे एवढेच त्यांचे राज्य. पांढुर्ण्याहून सकाळच्या एस. टी.ने त्या सौंसरला यावयाच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत जावयाच्या. त्यांच्या नावाने आज आपण माईक लावून बोलतो आहोत हे त्यांना कितपत रुचले असते, याविषयी मला शंकाच आहे.

संस्थेने निमंत्रण दिले तेव्हा विषय मीच सुचविला. ‘भावनाप्रधान कादंबरीचे वाचन आणि त्याला संगीताची जोड’ असे पत्रिकेत छापले गेले आहे. शीर्षक भारदस्त झाले. मूळ गोष्ट साधी आहे आणि माझ्यापुरती थोडी लाजिरवाणीही आहे. याच सभागृहात १९८७ साली माझ्या हातून एक चूक झाली. ती बाईंनी मला दाखविली. तिचा पुरता अर्थ कळावयास मात्र मला पुष्कळ वर्षे लागली. आज जे सांगणार आहे ते त्या चुकीचे विवेचन होय.

प्रथम आपल्या भागाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यावाचून पुढले नीट कळणार नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. सौंसर आणि पांढुर्णा हे त्याचे दोन दक्षिणेकडचे तालुके बोलीने, सणावारांनी, सोयरिकींनी वऱ्हाड-नागपूरचे. कचेरी, पाट्या आणि परीक्षा मात्र हिंदीच्या. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि हे दोन्ही तालुके त्यात आले, तरी ही स्थिती बदललेली नाही. परिणाम असा, की आपल्याकडच्या मुलाची मराठीशी ओळख डोळ्यांनी होण्याआधी कानांनी होते. पोळ्याच्या झडत्या, मुलींची भुलाबाईची गाणी, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने आणि १९४८ साली सुरू झालेले नागपूरचे आकाशवाणी केंद्र, ही आपली खरी बालभारती. छापील मराठी पुस्तक येते ते नंतर, आणि पुष्कळांकडे येतच नाही. म्हणून आपल्या शाळेत पुस्तक मोठ्याने वाचून दाखविण्याची प्रथा पडली. ती बाईंनी पाडली. दर शनिवारी शेवटच्या तासाला एक प्रकरण, असा क्रम होता.

मी मराठीचा शिक्षक. त्यातून थोडीफार पेटी वाजविता येत असे. गाण्याचे शास्त्र मी शिकलेलो नाही. भजनी मंडळाच्या मागे बसून बोटे वळली, इतकेच. परंतु तरुणपणी जे थोडे येते त्याचा अभिमान फार असतो.

१९८७ च्या डिसेंबरात साने गुरुजींच्या जयंतीनिमित्त ‘श्यामची आई’चे वाचन ठरले. या पुस्तकाला कादंबरी म्हणावे की आत्मकथन, हा वाद अभ्यासकांत आहे. मी ते आत्मकथनात्मक कादंबरी म्हणूनच शिकवीत आलो. गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले, बहुतेक सारे अवघ्या पाच दिवसांत. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आई जाऊन तेव्हा पंधराहून अधिक वर्षे लोटली होती. म्हणजे ताज्या दुःखाचा तो उद्गार नव्हे, दीर्घकाळ मनात मुरलेल्या दुःखाची ती गोष्ट आहे. हा भेद मला त्या वेळी कळला असता तर बरे झाले असते.

मी काय केले ते सांगतो. सबंध पुस्तकातून मी नेमका आईच्या अखेरच्या आजाराचा आणि मृत्यूचा भाग निवडला. दहावीतील एक चांगल्या आवाजाची मुलगी वाचावयास बसविली आणि तिच्या मागे मी पेटी घेऊन बसलो. शिवरंजनीतला कोमल गंधार हा ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालणारा सूर आहे हे कोणाही पेटीवाल्याला ठाऊक असते. वाक्य संपले की मी तो गंधार धरावयाचा, भाता हळू करावयाचा, मुलगी पुढले वाक्य उचलावयाची. पंधरा मिनिटांत सभागृहात हुंदके सुरू झाले. शिक्षिकांनी पदर डोळ्यांना लावले. पाहुणे गहिवरले. कार्यक्रम अपूर्व झाला असे सगळ्यांनी सांगितले आणि मलाही ते पटले.

वाचन चालू असतानाच आठवीतला एक मुलगा उठला आणि मधल्या दाराने बाहेर गेला. मला राग आला. पेटीवर बसलेल्या माणसाला कोणी उठून गेले की येतो तसा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला ग्रंथालयात बोलाविले. त्या फार बोलत नसत. ‘सर, काल तुम्ही पुस्तक वाचून दाखवलं नाही, पेटी वाचून दाखवली,’ एवढे म्हणून त्यांनी नोंदवही माझ्यापुढे फिरविली. शाळेचे साहित्य, म्हणजे नकाशे, सतरंज्या, पेटी, ढोलकी, सगळे त्यांच्याच ताब्यात असे आणि गावात कोणी मागितले तर सही घेऊन दिले जात असे. श्रावणातल्या एका नोंदीवर त्यांनी बोट ठेवले. पेटी नग एक. नेणाराच्या नावाच्या रकान्यात त्या मुलाच्या वडिलांचे नाव होते. कारणाच्या रकान्यात ‘तेरवीचे भजन’.

मुलाची आई त्या पावसाळ्यात वारली होती हे मला ठाऊक नव्हते. आठवीला मी शिकवीत नसे. ही सबब झाली. खरे असे, की मी विचारलेच नव्हते. ‘गावात बरी पेटी ही एकच आहे,’ बाई म्हणाल्या. ‘ती कुठं कुठं जाऊन येते ते तुम्हाला ठाऊक नाही.’

त्या मुलाला मी दोन दिवसांनी पटांगणात गाठले. काय बोलावे ते सुचेना. तोच खाली पाहत म्हणाला, ‘सर, थेच पेटी होती जी. तिचा एक सूर फाटका वाजते, थो मले वळखू आला.’

मित्रहो, तो सूर खरोखरच फाटका वाजत असे. मंद्र सप्तकातला निषाद होता. मी त्याला चुकवून वाजवीत असे, पण त्या दिवशी भावनेच्या भरात चुकविला नव्हता.

येथून माझा विचार सुरू झाला, असे मी म्हणतो. पण प्रत्यक्षात प्रथम सुरू झाले ते स्वतःचे समर्थन. मी शास्त्राचा आधार शोधू लागलो. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात स्वरांची रसांशी सांगड घातलेली आहे आणि करुणासाठी गंधार व निषाद सांगितले आहेत. पाहा, म्हटले, मी वाजविले ते गंधार-निषादच! अर्थात भरतांचा गंधार म्हणजे आजच्या पेटीवरची काळी पट्टी नव्हे. त्या काळची ग्रामव्यवस्था निराळी, श्रुतींची मोजणी निराळी. आपली पेटी तर परदेशातून आलेली आणि ठोकळ स्वरांची. त्याच कारणाने १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढले होते, ती सत्तरीच्या दशकाच्या आरंभापर्यंत. तेव्हा हा आधार काही टिकणारा नव्हता.

टिकणारे सापडले ते अभिनवगुप्तांच्या टीकेत. हजार वर्षांपूर्वीचा हा काश्मिरी आचार्य. रसाचा आस्वाद घेण्याच्या आड काय काय येते याची त्याने यादी केली आहे. त्यांना रसविघ्ने म्हणतात. त्यांतले एक असे, की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने पुरता व्यापून गेलेला असतो. ज्याच्या घरी नुकतेच मरण झाले आहे त्याला रंगमंचावरचे मरण पाहता येत नाही, स्वतःचेच दिसते. यावर उपाय म्हणून अभिनवगुप्त संगीत सांगतो. गायन-वादनाने मन त्या खाजगी दुःखातून हलके सुटावे आणि सर्वांचे म्हणून जे दुःख आहे त्यात सामील व्हावे, यासाठी नाटकात गाणे-बजावणे असते. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. संगीताचे जे काम शास्त्रकाराने सांगितले होते त्याच्या नेमके उलट मी केले होते. एका पोराला त्याच्या दुःखातून सोडविण्याऐवजी मी त्याला त्यात ढकलले होते, आणि बाकीच्यांना, ज्यांच्या आया घरी स्वयंपाक करीत होत्या, त्यांना फुकटचे रडू पुरविले होते.

शोक आणि करुण यांतले अंतर आपण वर्गात शिकवितो आणि विसरतो. शोक हा सोसावयाचा असतो. करुण हा आस्वादावयाचा असतो. पुस्तकाने पहिल्याचे दुसरे केलेले असते. वाचणाऱ्याने वा वाजविणाऱ्याने दुसऱ्याचे पुन्हा पहिले करू नये.

या संदर्भात एक फार जुना प्रसंग मला नेहमी आठवतो. क्रौंचवधाच्या शोकातून वाल्मीकींना श्लोक सुचला ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिचा पुढला भाग आपण तितकासा ध्यानात घेत नाही. ते काव्य झाल्यावर ऋषींनी ते कुशलवांना शिकविले आणि त्यांनी ते वीणेच्या साथीने, तालासुरात गाइले. पठणाला आणि गायनाला सारखेच मधुर असे ते काव्य आहे, असे आदिकवीने आरंभीच म्हटले आहे. करुण काव्याला संगीताची जोड देण्याचा आपल्याकडचा हा पहिला प्रसंग म्हणावयास हरकत नाही. आणि श्रोता कोण? ज्याचे दुःख त्या काव्यात आहे तो राम स्वतः! तो सिंहासनावरून उतरून हळूच सभेत, इतर श्रोत्यांमध्ये येऊन बसतो, असा त्या स्थळाचा अर्थ परंपरेने लावलेला आहे. त्याला आपले दुःख पुन्हा भोगावे लागत नाही, ते ऐकता येते. कुशलवांचे गाणे चांगले होते म्हणजे काय होते, तर त्यांनी रामाला सभेत बसू दिले, उठून जावयास लावले नाही. माझ्या पेटीने नेमके तेच केले होते.

माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू केले, त्याचा आरंभ याच प्रसंगाने केला, हे अकारण नाही. छप्पन्न गीतांच्या त्या मालिकेत दुःखाला तोटा नाही. पण फडक्यांची चाल शब्दाच्या पुढे धावत नाही. शब्द स्पष्ट ऐकू आला पाहिजे हा त्यांचा हट्ट प्रसिद्ध आहे. ऐकणारा आधी शब्दाशी पोहोचतो. मग रडावयाचे की नाही ते त्याचे त्याने ठरवावे.

आता ‘श्यामची आई’कडेच वळतो. या पुस्तकाला मोठ्या संगीतकाराचे हात लागले ते १९५३ साली. आचार्य अत्रे यांनी गुरुजींच्या निधनानंतर तीन वर्षांनी चित्रपट केला. माधव वझे हा बालकलाकार श्याम झाला आणि वनमाला आई झाल्या. देशातल्या सर्वोत्तम चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक देण्याची प्रथा १९५४ साली सुरू झाली, तेव्हा पहिले पदक या मराठी चित्रपटाला मिळाले. संगीत वसंत देसाई यांचे. मी तो चित्रपट नागपूरला फार उशिरा पाहिला, त्या १९८७ च्या घटनेनंतर, आणि सारा वेळ कान टवकारून बसलो होतो. या माणसाने काय केले ते मला पाहावयाचे होते. एका बाबतीत देसाईंची अडचण माझ्यापेक्षा मोठी होती; माझ्यासमोर सभागृहभर माणसे होती, त्यांच्यासमोर सारा महाराष्ट्र, आणि त्यातल्या पुष्कळांना पुस्तक पाठ.

त्यातल्या ज्या गाण्याने घराघरांत जागा मिळविली ते आशा भोसले यांनी गायिलेले, द्रौपदीच्या चिंधीचे गाणे. शब्द अत्र्यांचेच. कथा आपल्याला माहीत आहे: श्रीकृष्णाचे बोट कापते, बांधावयास चिंधी हवी असते, सख्खी बहीण सुभद्रा भारी वस्त्रे फाडावयास कचरते आणि मानलेली बहीण द्रौपदी अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून देते. या गाण्यात श्यामची आई कोठेच नाही. मरण नाही, आजार नाही, दारिद्र्य नाही. चाल अशी, की कोणाही बाईने घरकाम करता करता म्हणावी. आणि तरीही चित्रपटातल्या आईचे सारे हृदय त्यात आहे, कारण मुलाला शिकविण्यासाठी ती अशाच गोष्टी सांगत असते. देसाईंनी आईच्या मरणाला सूर दिला नाही, तर आईच्या बोलण्याला दिला. आता कोणी म्हणेल, की त्याच चित्रपटात यशवंतांची आईविषयीची प्रसिद्ध कविताही आहे आणि ती तर सरळच पोरकेपणाची आहे. ते खरे आहे. ती ऐकताना माझेही डोळे ओलावले. परंतु ती पोरकेपणाची हाक असली तरी स्वतंत्र, आधीच सर्वांच्या ओठी असलेली कविता आहे. दुसऱ्या कोणाच्या वाक्याखाली पसरलेला सूर नव्हे. ती उभी राहते आणि आपले म्हणणे सांगते. २०२३ साली याच पुस्तकावर पुन्हा एक कृष्णधवल चित्रपट आला. तो नातवंडांबरोबर पाहिला तेव्हाही माझ्या कानांत सत्तर वर्षांपूर्वीची तीच चाल घोळत होती, त्याला माझा नाइलाज होता.

दुसरे एक उदाहरण घेतो, वेगळ्या जातीचे. गो. नी. दांडेकर हे जन्माने परतवाड्याचे, म्हणजे आपल्याच सातपुड्याच्या पायथ्याचे. त्यांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीवर १९७७ साली जब्बार पटेलांनी चित्रपट केला. ना. धों. महानोरांची गीते, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. तेथे प्रश्नच निराळा होता. कादंबरीचा नायक नाग्या हा ठाकर तरुण स्वतः ढोल वाजविणारा. संगीत बाहेरून आणून लावावयाचे नव्हते, ते पानांतच वाजत होते. संगीतकाराने कान देऊन ते बाहेर काढावयाचे होते.

हे लक्षात आल्यावर मी ‘श्यामची आई’ पुन्हा वाचावयास घेतली, या वेळी केवळ कानांनी. त्या पुस्तकात काय काय वाजते? आणि मला आश्चर्य वाटले, की इतकी वर्षे शिकवूनही हे माझ्या ध्यानात आले नव्हते. सबंध पुस्तकाची रचनाच ऐकण्याची आहे. प्रकरणांना प्रकरण म्हटलेले नाही, रात्र म्हटले आहे. आश्रमात सायंकाळची प्रार्थना होते, गावची माणसे जमतात, आणि मग श्याम गोष्ट सांगू लागतो. म्हणजे गुरुजींनी संगीताची जागा स्वतःच ठरवून दिली आहे: गोष्टीच्या आधी. गोष्ट चालू असताना नव्हे. शिवाय आत पाहावे तर पंक्तीत म्हणावयाचा केकावलीतला श्लोक आहे, रामनामाचा जप आहे, पाऊस पडावा म्हणून महादेवाला घातलेले गाऱ्हाणे आहे. (केका म्हणजे मोराची आर्त हाक, मोरोपंतांनी आपल्या देवाविषयीच्या तळमळीला ते नाव दिले. मुलांना हे सांगावे, त्यांना गंमत वाटते. आपल्याकडे मोर पुष्कळ आहेत.) हे सगळे आवाज जगण्यातले, रोजच्या वापरातले आहेत. एकही रडका नाही.

बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मग प्रार्थनेनंतरच वाचा की.’ त्यांना हे आधीपासून ठाऊक असावे. पुस्तके देणाऱ्याला पुस्तकांविषयी बोलणाऱ्यापेक्षा जास्त कळते, असा माझा अनुभव आहे. समोरच्या रांगेतील प्राध्यापक मित्रांनी क्षमा करावी.

आपल्या भागाला ही गोष्ट परकी नाही, हे मला त्या निमित्ताने उमगले. तुकडोजी महाराजांनी गावोगावी सामुदायिक प्रार्थना रुजविली. दिवेलागणीला माणसे एकत्र बसतात, खंजिरीवर भजन होते, आणि मग कोणी ग्रामगीतेतला एखादा अध्याय वाचतो. वाचन चालू असताना खंजिरी मांडीवर उपडी ठेवलेली असते. लहानपणापासून मी हे पाहत आलो होतो. त्या उपड्या खंजिरीकडे मी कधी लक्ष दिले नव्हते.

दरम्यान तो मुलगा ग्रंथालयात येऊ लागला होता. त्याने ‘श्यामची आई’ मागून नेली. नोंदवहीत नेल्याची तारीख आणि परत केल्याची तारीख यांत नऊ दिवसांचे अंतर आहे. मी नंतर पाहिले. पुस्तक परत करताना बाईंनी विचारले, काय आवडले? मी तेथेच बसलो होतो. मला वाटले, तो शेवटच्या भागाविषयी बोलेल. तो म्हणाला, ‘पोहायची गोष्ट.’ पोहावयास जाण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई बाहेर ओढून काढते, मारते आणि विहिरीवर धाडते; नंतर तीच त्याचे वळ पाहून कळवळते. ते प्रकरण. ‘माही मायबी अशीच मारे जी,’ असे म्हणून तो हसला. आई गेल्यावर त्याला हसताना मी प्रथमच पाहिले असे म्हणणार होतो. पण त्याआधी मी त्याला पाहिलेच कोठे होते?

१९८८ च्या डिसेंबरात पुन्हा वाचन झाले. या वेळी निवड बाईंची. मरणाचा भाग घेतला नाही. पोहण्याची गोष्ट घेतली, आणि वाचावयाला तो मुलगाच बसला. त्याचा आवाज फुटत होता. मधूनच चिरके, मधूनच घोगरा निघे. आधी मोठ्या मुलांनी खंजिरीवर एक भजन म्हटले, पुरते पाच मिनिटे. मग खंजिऱ्या खाली ठेवल्या गेल्या आणि सभागृहात अशी शांतता झाली, की स्टेशनवर उभ्या असलेल्या नागपूरच्या छोट्या गाडीचा आवाज ऐकू येत होता. (ती अरुंद रुळांची गाडी २०१५ साली बंद झाली.) त्याने वाचले. माराचा भाग आला तेव्हा पोरे खिदळली, कारण सगळ्यांच्याच आया तशा होत्या. तोही वाचता वाचता हसला आणि ओळ चुकला, मग बोटाने ओळ शोधून पुढे गेला. वळांवरून हात फिरविणारी आई आली तेव्हा हसू हळूहळू थांबले. कोणीही थांबविले नाही.

वाचन संपल्यावर बाईंनी एका आजींना पुढे आणले. गावातल्याच, जात्यावरच्या ओव्यांसाठी नावाजलेल्या. जाते अर्थातच नव्हते. त्यांनी एक हात गोल फिरवीत, डोळे मिटून लेकीच्या, माहेराच्या, भावाच्या ओव्या म्हटल्या. त्या ओव्यांचा ‘श्यामची आई’शी काही संबंध नव्हता. पुस्तक कोकणातले, पालगडचे, ओव्या सौंसरच्या. एकीत आंब्याचे नाव आले, एकीत संत्र्याच्या मळ्याचे. परंतु कोकणातल्या त्या आईला आमच्या गावच्या बाईच्या आवाजात बोलताना मी त्या दिवशी ऐकले. पुस्तकाला संगीताची जोड देणे म्हणजे काय, याचे मला सापडलेले उत्तर तेवढेच आहे. त्या पुस्तकातले माणूस ज्या सुरात जगले असते तो सूर शोधावा, आणि तो ऐकणाऱ्याच्या घरी आधी कोणत्या कारणाने जाऊन आला आहे, ते विचारून घ्यावे. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे. गावात राहिल्यावाचून ती पुरी होत नाही.

त्या वेळी सभागृहात कोणी रडले का, ते मला सांगता येणार नाही. मी मागे, मधल्या दाराशी उभा होतो, कोणी उठून बाहेर गेले तर त्याच्याबरोबर जाता यावे म्हणून. कोणी उठले नाही.

तो मुलगा पुढे शिकला, आता त्याचा स्वतःचा संत्र्याचा बगीचा आहे. त्याचे नाव सांगणार नाही. तो आज या सभागृहात असेलही. आजी गेल्या. बाई गेल्या. कार्यक्रमाआधी मुख्याध्यापकांनी मला ती जुनी नोंदवही काढून दिली, मी ती सोबत घेऊन बसलो आहे. श्रावणातली ती नोंद अजून वाचता येते. पेटी परत आल्याच्या रकान्यात बाईंची सही आहे.

पत्रिकेत म्हटल्याप्रमाणे आता नववीच्या विद्यार्थिनी ‘श्यामची आई’तल्या एका रात्रीचे वाचन करणार आहेत. कोणती रात्र ते त्यांनीच निवडले आहे, मी विचारलेले नाही. मुलांची प्रार्थना आधी होईल. पेटी आज आणलेली नाही. मी खाली, आपल्यात येऊन बसतो.